आमचा अभिप्राय

सिल्वासात तुम्ही कुणाला आपण काढलेला फोटो दाखवलात, तर पहिल्यांदा धावत येतं ते कौतुक. लाघवी आहे, हसरं आहे आणि त्याला तीन भाषा येतात. गुजराती मित्राच्या तोंडून ते ‘बहु सरस’ म्हणतं, हिंदीवाल्याच्या तोंडून ‘बढिया’, मराठी माणसाच्या तोंडून ‘मस्त आलाय रे’. एवढं बोलून ते पुढच्या फोटोकडे वळलेलंही असतं. त्याच्यामागून थोडं अंतर राखून, सावकाश जो येतो, त्याची आज ओळख करून द्यायची आहे. त्याचं नाव अभिप्राय.

हा राहतो हौशी मंडळींत. सिल्वासा हे कारखान्यांचं गाव. आमली, मसाट, पिपरिया, खडोली, कुठेही जा, पॉलिस्टरच्या धाग्यापासून प्लास्टिकच्या डब्यापर्यंत काही ना काही तयार होत असतं. तिथे शिफ्ट करणारी, शाळेत शिकवणारी, बँकेत बसणारी, औषधाचं दुकान चालवणारी काही माणसं रविवारी पहाटे कॅमेरा नाहीतर नुसता मोबाइल घेऊन दुधनीच्या नाहीतर खानवेलच्या रस्त्याला लागतात. उन्हं चढली की चहाच्या टपरीवर टेकतात आणि एकमेकांचे फोटो बघतात. यातला एकही फोटो विकायचा नसतो, कुणी मागितलेला नसतो. अशा ठिकाणी अभिप्राय खुलतो. धंद्याच्या फोटोत त्याला फारसं काम नसतं, तिथे गिऱ्हाइकाची पसंती हाच शेवटचा निकाल. हौशी माणसाला मात्र विचारायला दुसरं कुणी नाही.

त्याची पहिली सवय गप्प राहण्याची. फोटो हातात आला की तो आधी पूर्ण चौकट बघतो, मग एकेक करून चारही कडा. कडांवर त्याचा विशेष डोळा. फोटो काढणारा मधल्या विषयात गुंतलेला असतो आणि नको ते पाहुणे कडांवरून आत शिरतात: कुणाचा अर्धा हात, वाऱ्यावर आलेली पिशवी, बुटाचं टोक. नवख्या माणसाला ही शांतता जड जाते. ‘नाही आवडला ना?’ असं तो स्वतःच विचारून टाकतो. अभिप्राय फक्त हाताने ‘थांब’ म्हणतो. त्याला घाई केलेली खपत नाही.

बोलायला लागतो तो प्रश्नानेच. एकाने दुधनीचा फोटो पुढे केला. मधुबन धरणाचं अडवलेलं पाणी, मागे डोंगर, वर ढग, काठाला शिकारे, मक्याची कणसं भाजणारी बाई, सेल्फी काढणारं कुटुंब, सगळं एका चौकटीत. ‘तुला यात काय दाखवायचं होतं?’ अभिप्रायाने विचारलं. ‘दुधनी,’ उत्तर आलं. ‘कॅमेरा बाहेर काढलास तेव्हा कशाकडे बघून काढलास?’ तो जरा थबकला. म्हणाला, ‘नावाडी दोर ओढत होता. त्याचे हात.’ फोटोत नावाडी होता खरा, पण नखाएवढा. ‘मग वीस पावलं पुढे जायचं होतं,’ अभिप्राय म्हणाला, आणि त्या दिवशी त्या फोटोबद्दल आणखी काही बोलला नाही.

त्याचं सगळं बळ त्याच्या तर्जनीत आहे. कापडावर खडूची खूण करणाऱ्या शिंप्यासारखा तो नेमक्या जागी बोट ठेवतो. दादऱ्याच्या वनगंगा उद्यानात तळ्यावरच्या पुलावर एकीने आपल्या लेकीला उभं केलं होतं. फ्रॉक सुरेख, हसणं सुरेख, उजेडही मऊ. तरी फोटो बघताना काहीतरी टोचत होतं. अभिप्रायाचं बोट लेकीच्या डोक्यावर गेलं. मागच्या दिव्याचा खांब नेमका तिच्या भांगातून उगवला होता. ‘ताई, तुम्ही एक पाऊल डावीकडे सरला असतात तर हा खांब तिच्या बाजूला गेला असता.’ ताईंनी त्यानंतर किती खांब चुकवले याची मोजदाद नाही, पण त्यांच्या फोटोत डोक्यातून उगवणारा खांब पुन्हा दिसला नाही.

‘छान’ हे त्याला चालत नाही. ‘मजा नाही आली’ हेही चालत नाही. दोन्हीचा दोष एकच: पुढच्या रविवारी त्यांचा उपयोग करता येत नाही. तो कौतुकाचा वैरी नाही, उलट कौतुक त्याला मनापासून आवडतं, फक्त त्याला ते पत्त्यासह लागतं. ‘म्हातारीच्या डोळ्यांत उजेडाचा जो ठिपका आलाय, त्याने चेहरा जिवंत झाला’, असं कुणी म्हटलं की तो खूश. कारण फोटो काढणाऱ्याला कळतं की नेमकं काय साधलं. माणसाला आपली चूक कळत नाही हे आपण नेहमी म्हणतो. हौशी माणसाला बहुतेक वेळा आपलं बरोबर आलेलंही कळत नाही. ते सांगणं हे अभिप्रायाचं निम्मं काम आहे आणि तो ते आधी करतो.

त्याची थोरली बहीण टीका. दोघांचं तोंड सारखं, म्हणून लोक गोंधळतात. टीका फोटोवरून सुरू होते आणि दोन वाक्यांत फोटो काढणाऱ्यावर पोहोचते: ‘तुला फोकस करताच येत नाही.’ अभिप्राय फोटोपाशीच थांबतो: ‘फोकस कानावर गेलाय, डोळ्यावर हवा होता.’ चूक तीच. पण पहिलं वाक्य ऐकून माणूस कॅमेरा कपाटात ठेवतो आणि दुसरं ऐकून फोकसचा ठिपका डोळ्यावर कसा न्यायचा ते शोधतो. टीका घरात आली की अभिप्राय दारातच थांबतो. दोघं एका चटईवर बसत नाहीत.

घराणं मात्र दोघांचं जुनं आणि प्रतिष्ठित. १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला. १८५३ मध्ये लंडनला आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. सिल्वासा तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं. मुंबईतल्या त्या सोसायटीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. सभासद आपापली छापील चित्रं आणायचे, मांडायचे, रसायनांची आणि उजेडाची चर्चा करायचे. तेव्हाच्या एका पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असताना फोटो घ्यावा लागे आणि ती वाळायच्या आत धुवावा लागे. म्हणजे कुणाचं कशाने बिघडलं हे एकमेकांना सांगितल्याशिवाय कुणाचंच पुढे जात नव्हतं. अभिप्राय जन्मला तो या गरजेतून. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, १९५३ मध्ये देशभरातल्या क्लबांचा महासंघ झाला, आणि घराणं पसरत गेलं.

या घराण्यात त्याचा एक चुलतभाऊ निघाला, परीक्षण. तो सलोन नावाच्या प्रदर्शन-स्पर्धांत असतो. तीन परीक्षक बसतात, पडद्यावर फोटो काही सेकंद दिसतो, हातातली बटणं दाबली जातात, गुणांची बेरीज होते आणि फोटो आत किंवा बाहेर. १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या फियाप या आंतरराष्ट्रीय संघटनेचे किताब अशाच निवडींवर मिळतात. परीक्षण शिस्तीचा आहे, निःपक्षपाती आहे, हजारो फोटो एका बैठकीत हातावेगळे करतो. पण कारण सांगायला त्याच्याकडे वेळ नाही. सलोनमधून नकार आलेला माणूस संध्याकाळी तोच फोटो घेऊन अभिप्रायाकडे येतो आणि विचारतो, ‘काय चुकलं?’ अभिप्राय खुर्ची ओढून बसतो. त्याच्याकडे वेळच वेळ आहे.

त्याला तंत्राचा नाद आहे, आणि आपल्याला तंत्र कळतं याचा थोडा तोराही. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत बगळे उतरतात. सिल्वासाच्या आसपास प्रत्येक हौशी माणसाकडे त्या बगळ्याचा फोटो असतो, आणि बहुतेक फोटोंत बगळ्याच्या जागी पांढरा डाग असतो. पिसं नाहीत, पंखाची घडी नाही. अशा वेळी अभिप्राय सरसावून बसतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं, तो सांगतो. चौकटभर गडद हिरवं शेत, त्यात एवढासा पांढरा पक्षी. मीटरला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं आणि बगळा जळून जातो. ‘एक्स्पोजर एक स्टॉप खाली घे. शेत जरा काळपट येईल, येऊ दे. पिसं वाचतील.’ आणि ढगाळ पांढऱ्या आभाळावर काळा कोतवाल असेल तर नेमकं उलटं कर, हे सांगायलाही तो विसरत नाही.

हे सांगताना तो रंगतो आणि कधी कधी लांबतो. लेन्स दोनशे मिलिमीटरची असेल तर शटर निदान सेकंदाच्या दोनशेव्या भागाचं हवं, उडत्या पक्ष्याला त्याच्या कितीतरी पट वेगवान हवं, हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला की समजायचं उजेड सांडला, असं एकामागून एक. ऐकणाऱ्याचे डोळे विझायला लागतात. म्हणून शहाण्या मंडळींनी त्याच्यासाठी एक नियम केला आहे: एका फोटोमागे एकच दुरुस्ती. सगळ्यात मोठी असेल ती. त्याला हा नियम जाचतो, पण त्याने तो पाळला की त्याचं ऐकलं जातं.

नियमांच्या बाबतीत तो जरा सोवळा आहे. क्षितिज सरळ हवं. विषय मधोमध नको, चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून रेघा जिथे छेदतात तिथे हवा. पळणाऱ्या मुलाच्या पुढे मोकळी जागा हवी. गट उभा असेल तर कुणाचा घोटा कापला जाता कामा नये. नवख्याला याचा उपयोग होतो, म्हणून त्याने हे पाठ करून ठेवलंय. पण त्याचा मोठेपणा असा की नियम मोडणारं चांगलं चित्र समोर आलं तर तो नियम बाजूला ठेवतो.

हे एका दोन ऑगस्टला दिसलं. १९५४ मध्ये या तारखेला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मोकळं झालं. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं स्वयंसेवक म्हणून उतरली होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुक्तिदिन येतो तो भर पावसाळ्यात. एका जणाने झेंडावंदनाचे पुष्कळ फोटो आणले, सगळे नीट, सगळे सरळ, वर्तमानपत्रात कुणीही छापावेत असे. त्यांतच एक वाकडा होता. क्षितिज कललेलं, चौकटीचा वरचा अर्धा भाग एका काळ्या छत्रीने झाकलेला, आणि छत्रीखाली मधोमध एक म्हातारा मान वर करून झेंड्याकडे बघतोय, चष्म्यावर पावसाचे थेंब. हा पुसून टाकायचा होता, चुकून आला, असं तो सांगत होता. अभिप्रायाने बाकीचे बाजूला सारले आणि तोच पुढे ओढला. ‘हा ठेव. बाकीच्यांत समारंभ आहे, यात तो दिवस आहे.’ मग हळूच म्हणाला, ‘आणि खाली तारीख, गाव लिही. पन्नास वर्षांनी कुणाला कळायचं?’

त्याला राग येतो तो रंगांवरून. सह्याद्रीच्या या उतारावर ऑगस्टमधला भात स्वतःच इतका हिरवा असतो की डोळा निवावा. तरी मोबाइलवरचा रंगाचा सरकता ठिपका पार उजव्या टोकाला नेऊन लोक त्या भाताला पोपटी करतात, आभाळाला निळ्या शाईचं, आणि लावणी करणाऱ्या बायकांचे चेहरे नारिंगी. अभिप्रायाचा आवाज चढतो. ‘या बाईच्या हातावरचा चिखल तू धुऊन काढलास!’ तो रागावतो ते बरोबरच, कारण त्या फोटोतली खरी गोष्ट चिखल हीच होती. रागावल्यावर मात्र तो लगेच उपाय देतो: फोटो आज सुधारायचा, उद्या सकाळी पुन्हा बघायचा, आणि मग रंग निम्म्याने कमी करायचा.

माणसांचा फोटो असला की तो आणखी एक वेगळा प्रश्न विचारतो. तारपा नाचाचे फोटो इथे सगळेच काढतात. वारली, कोकणा मंडळींचा हा नाच. सुकवलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं तारपा हे लांब वाद्य वाजवणारा मधे असतो आणि एकमेकांना धरून साखळी त्याच्याभोवती फिरते. नाचणारे तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत. बाहेर उभं राहून फोटो काढणाऱ्याला म्हणून पाठीच मिळतात. एकाचे सगळे फोटो असेच पाठींचे निघाले. अभिप्राय म्हणाला, ‘तू कुंपणाबाहेर उभा होतास. विचारून आत गेला असतास तर तारपावाल्याचे फुगलेले गाल मिळाले असते आणि मागे सगळ्यांचे चेहरे.’ मग तो मुख्य प्रश्नाकडे आला. ‘त्याचं नाव काय? फोटोची एक प्रत त्याला दिलीस का?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं. काही दिवसांनी तो फोटो काढणारा छापील प्रती घेऊन त्या पाड्यावर गेला. तिथे त्याला आत बोलावलं गेलं. पुढचे फोटो आतून आले.

अभिप्राय कठोर दिसला तरी परिस्थितीची जाण ठेवतो. वासोण्याच्या लायन सफारीत सिंह बघायचे ते बसमधून, जाळीच्या खिडकीतून. एका मुलाने काढलेल्या सिंहिणीच्या तोंडावर जाळीच्या राखाडी रेघा आल्या होत्या. ‘दुसरी लेन्स घे’, ‘उघड्या जीपमधून काढ’, असं कुणीही बोललं असतं. अभिप्राय त्या मुलाच्या खिशाचा आणि त्या बसचा विचार करून बोलला: लेन्स जाळीला जवळजवळ टेकव, लेन्सचं छिद्र जेवढं मोठं उघडता येईल तेवढं उघड, आणि सिंहीण दूर असतानाच काढ. जाळी इतकी धूसर होते की दिसेनाशी होते. करता येणार नाही असा सल्ला द्यायचा नाही, हे त्याचं ब्रीद.

आता त्याचे दोष. ओळख करून द्यायची तर तेही सांगायला हवेत.

एक, तो मोठ्या माणसासमोर नरमतो. छापखान्याचे मालक काका, जे नेहमी चहाचे पैसे देतात, त्यांच्या फोटोत क्षितिज गडगडत असलं तरी अभिप्रायाला खोकला येतो. यात काकांचं नुकसान आहे. एवढ्या हौसेने शिकायला आलेल्या माणसाला सगळे मिळून शिकण्यापासून वाचवतात. एकदा एका कॉलेजच्या मुलीने धीर केला. ‘काका, पाणी उजवीकडे सांडतंय बघा,’ ती म्हणाली. काकांनी फोन आडवा-तिडवा करून बघितलं, मोठ्याने हसले आणि कॅमेऱ्यात आडवी रेघ कुठून चालू करायची ते तिच्याकडूनच शिकले. त्या दिवसापासून अभिप्रायाला त्यांच्यापुढे खोकला येत नाही.

दोन, तो कधी कधी स्वतःची आवड दुसऱ्यावर लादतो. त्याला काळं-पांढरं आवडतं, म्हणून प्रत्येक फोटो काळा-पांढरा करायला सांगतो. किंवा ‘मी असतो तर’ असं म्हणून वाक्य सुरू करतो. तो असता तर वेगळाच फोटो झाला असता, त्यात काय नवल! विचारायचं ते हे, की या माणसाला जे करायचं होतं ते कसं जास्त नीट होईल. अभिप्राय या वाटेवरून घसरला की त्याच्या हाताला धरून परत आणावं. तो ऐकतो.

तीन, यंत्रांच्या गप्पा सुरू झाल्या की तो हरवतो. कुठली बॉडी, कुठली लेन्स, किती मेगापिक्सेल, वापीत स्वस्त की मुंबईत, असा विषय निघाला की टेबलावरचा फोटो तसाच पडून राहतो. त्याला तिथून उठवून आणायला कुणीतरी फोटोवर बोट ठेवावं लागतं.

हे दोष असले तरी त्याने केलेलं भलं फार मोठं आहे. न्यूयॉर्कमध्ये पॉल स्ट्रँड नावाचा एक तरुण आपले फोटो घेऊन छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झकडे जायचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो मऊ, धुरकट चित्र देणारी लेन्स वापरत होता. स्टिग्लिट्झने त्याला नेमकी जागा दाखवली: या धूसरपणात गवत, पाणी, झाडाची साल सगळं सारखंच दिसतं, प्रत्येक वस्तूचं स्वतःचं रूप पुसलं जातं. स्ट्रँडने ते मनावर घेतलं, लेन्सचं छिद्र बारीक केलं, रेघ स्पष्ट केली. १९१७ मध्ये स्टिग्लिट्झने आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा शेवटचा अंक त्याच स्ट्रँडच्या चित्रांना दिला. ज्याने दोष दाखवला त्यानेच पुढे पाट मांडला. अभिप्रायाच्या घराण्यातली ही सगळ्यात अभिमानाची गोष्ट आहे.

त्याला छापील फोटो फार आवडतो. मोबाइलच्या पडद्यावर सगळंच चकचकीत दिसतं, दोन बोटांनी मोठं करता येतं आणि अंगठ्याने ढकलून देता येतं. आठ बाय बाराचा एक कागद टेबलावर ठेवला की तो ढकलता येत नाही. तो दूर धरून बघता येतो, उलटा करून बघता येतो. उलटा केला की चेहरे, झाडं, नावं सुटून जातात आणि फक्त उजेड-अंधाराचं वजन उरतं. चौकट कुठल्या बाजूला कलंडली ते लगेच कळतं. मंडळींनी अधूनमधून थोडे पैसे काढून छापून घेतलेले फोटो आणले की अभिप्राय त्या दिवशी सगळ्यात चांगलं बोलतो.

आणि तो एकटा असतानाही येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. काढल्या दिवशी प्रत्येक फोटोला त्या पहाटेची थंडी, वाटेवरचा चहा, मित्रांचं हसणं चिकटलेलं असतं. ते सगळं मावळलं की फोटो एकटा उरतो, आणि मग त्याच्याकडे परक्याच्या नजरेने बघता येतं. छायाचित्रकार अन्सेल ॲडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावरच्या चंद्राचा फोटो १९४१ मध्ये काढला. पुढे कित्येक वर्षं तो त्याच निगेटिव्हवरून प्रती काढत राहिला, आणि प्रतींमधलं आभाळ हळूहळू अधिक गडद होत गेलं. एवढ्या मोठ्या माणसालाही आपल्याच चित्राबद्दल नवं सांगणारा अभिप्राय भेटत राहिला.

त्याच्याशी कसं वागायचं, तेही ऐकून ठेवा. त्याला बोलावल्याशिवाय तो यावा असं करू नका. कुणी नातवाचा फोटो नुसता आनंदाने दाखवत असेल तर तिथे त्याचं काम नाही. बोलावलंत तर त्याला पूर्ण बोलू द्या. ‘पण तेव्हा ऊनच नव्हतं’, ‘पण मागे गर्दी होती’, असं मधेच सुरू केलंत की तो गप्प होतो आणि पुन्हा लवकर येत नाही. फोटो बघणाऱ्याला तुमची अडचण दिसत नाही, त्याला चौकट दिसते. ऐकून घ्या, घरी जा, पटलं तर करा, नाही पटलं तर सोडून द्या. सोडून दिल्याचा त्याला राग येत नाही. फोटो तुमचा आहे, हे तो कधी विसरत नाही, आणि हाच त्याच्या स्वभावातला सगळ्यात सुसंस्कृत गुण.

शिकवणी लावायला, मुंबईच्या कार्यशाळेला जायला प्रत्येकाकडे पैसे आणि रजा नसते. शिफ्टमधून सुटलेल्या माणसाकडे एक रविवार असतो आणि दोन-चार मित्र असतात. तेवढ्या भांडवलावर त्याला फोटो काढायला शिकवणारा हा एकच गुरू आहे. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या मित्राने फोटो पुढे केला की जरा थांबा. काय दिसलं ते सांगा, काय साधलं ते सांगा, एका जागेवर बोट ठेवा, त्याला जमेल असा एक उपाय सांगा, आणि निर्णय त्याच्यावर सोडा. एवढं केलंत की अभिप्राय तुमच्याकडेही राहायला येईल.